५जीचं चिन्ह राहू द्या, बँड कुठला ते बघा

फोनच्या वरच्या कोपऱ्यात ५जी लिहून येतं आणि तरी साधा व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो, हे आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. अशा वेळी लोक सरळ कंपनीला नाहीतर फोनला शिव्या घालून मोकळे होतात. पण मला विचाराल तर पहिला प्रश्न एकच, त्या क्षणी फोन कुठल्या बँडवर होता? हा प्रश्न कुणी विचारतच नाही, दुकानात नाही, जाहिरातीत तर नाहीच नाही, आणि तुमच्या हातात येणारा स्पीड बराचसा त्याच्यावरच ठरतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

बँड म्हणजे रेडिओ लहरींचा एक ठरवून दिलेला पट्टा. ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २६००, ३५०० मेगाहर्ट्झ असे आकडे तुम्ही कुठं ना कुठं वाचले असतील. या प्रत्येक पट्ट्याला नंबर पण दिलेला असतो, म्हणजे १८०० चा बँड ३, ९०० चा बँड ८, ७०० चा बँड २८, २३०० चा बँड ४०, आणि ५जीमध्ये नंबराच्या आधी एन लावतात, जसं ३५०० च्या आसपासचा एन७८. हे नंबर ३जीपीपी नावाची जी स्टँडर्ड ठरवणारी संस्था आहे ती देते आणि जगभर तेच चालतात, मात्र कुठल्या देशात कुठला पट्टा मोकळा आहे आणि कुणाला दिलाय हे ज्या त्या देशाचं सरकार ठरवतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता यातली खरी मजा म्हणजे खालचा बँड आणि वरचा बँड यातला फरक. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटीमीटर, ३५०० ची साडेआठ सेंटीमीटर आणि २८ गिगाहर्ट्झची जेमतेम १ सेंटीमीटर. टॉवरची ताकद, अँटेनाचा गेन (म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटायची क्षमता), अंतर, सगळं सारखं धरलं तरी ७०० वरून ३५०० वर गेलात की फोनला पोचणारा सिग्नल हिशोबानं २५ पट कमी होतो, कारण फ्रिक्वेन्सी ५ पट झाली आणि हे प्रमाण वर्गात चालतं. वर भिंती, झाडं, काचा यांचा मार वेगळा, तो पण वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त बसतो, विशेषतः उष्णता अडवायला ज्या काचांवर धातूचा पातळ थर दिलेला असतो त्या काचा वरच्या बँडचा पार जीव घेतात. मग प्रश्न पडतो की सगळं खालच्याच बँडवर का नाही चालवत? कारण खाली जागाच नाही हो. अख्ख्या बँड २८ मध्ये मिळून ४५ मेगाहर्ट्झ डाउनलोडला आणि ४५ अपलोडला, ते तीन-चार कंपन्यांत वाटले की एकेकाच्या वाट्याला १० किंवा १५ येतात. आणि ४जीमध्ये १० मेगाहर्ट्झवर नेहमीच्या दोन अँटेनांच्या मांडणीत कागदावरचा जास्तीत जास्त स्पीड ७५ एमबीपीएसच्या आसपास, तो सुद्धा त्या सेक्टरमधल्या, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या भागातल्या, सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा! ३५०० वर मात्र एकाच कंपनीला सलग १०० मेगाहर्ट्झ मिळू शकतात आणि २८ गिगाहर्ट्झवर ४०० चा एकेक पट्टा. गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९४८ मध्येच मांडून ठेवलंय की चॅनलची क्षमता त्याच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, सिग्नलच्या ताकदीनं मात्र फार सावकाश वाढते. म्हणजे रुंदी दुप्पट तर क्षमता दुप्पट, ताकद दुप्पट केली तर थोडीच वाढ. रस्ता रुंद केल्याशिवाय नुसत्या गाड्यांचं इंजिन मोठं करून काय होणार, तसंच.

म्हणून जेव्हा एखादी कंपनी सांगते की आम्ही अमुक इतक्या भागात ५जी पोचवलं, तेव्हा मी लगेच बघतो की ते ७०० वर पोचवलंय की ३५०० वर. दोन्ही ५जीच, खोटं कुणी बोलत नाही, पण ७०० वरच्या १० मेगाहर्ट्झचं ५जी हे चांगल्या ४जीपेक्षा फार काही वेगळं लागत नाही. त्यात काही ठिकाणी एकाच पट्ट्यात ४जी आणि ५जी दोन्ही वाटून चालवतात, त्याला डायनॅमिक स्पेक्ट्रम शेअरिंग म्हणतात, त्यात दोघांचे कंट्रोल सिग्नल चालवण्यातच बरीचशी जागा खर्च होते. नकाशा लगेच रंगून जातो, स्पीड तिथंच राहतो.

आणि त्या चिन्हाचं पण ऐकून घ्या. ५जीचे पहिले नेटवर्क बहुतेक सगळीकडे नॉन-स्टँडअलोन प्रकारचे आले, त्याचं स्टँडर्ड डिसेंबर २०१७ मध्ये आधी पूर्ण झालं आणि स्टँडअलोनचं जून २०१८ मध्ये. नॉन-स्टँडअलोनमध्ये फोन आधी ४जीला जोडलेला असतो आणि डेटा लागला की ५जीचा बँड वरून जोडला जातो. ४जीचा टॉवरच फोनला कळवू शकतो की इथं ५जी मिळू शकतं, आणि तेवढ्यावर फोन ५जीचं चिन्ह दाखवून मोकळा होतो, प्रत्यक्षात ५जीचा एक कण सुद्धा त्या वेळी येत नसला तरी! हे लपूनछपून केलेलं नाही, स्टँडर्डमध्येच तशी सोय आहे, पण वापरणाऱ्याला हे सांगायला नको का?

आता रोलआउटच्या इतिहासाकडे बघितलं तर बँडची गोष्ट आणखी स्पष्ट होते. जगातलं पहिलं सार्वजनिक ४जी डिसेंबर २००९ मध्ये तेलियासोनेरा या कंपनीनं स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये सुरू केलं, ते २६०० मेगाहर्ट्झवर होतं, म्हणजे शहराच्या मधल्या भागात आणि तेही यूएसबी मोडेम लावून. फोन तर नव्हतेच. पुढं ७०० आणि ८०० चे बँड मिळाले ते टीव्हीमुळं, जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद होऊन डिजिटल आलं, डिजिटलला जागा कमी लागते, आणि उरलेली जागा मोबाइलला गेली, अमेरिकेत मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रसारण जून २००९ मध्ये बंद झालं तेव्हा ७०० चा पट्टा असाच रिकामा झाला. ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांनी २जीचे जुनेच पट्टे रिकामे करून त्यावर ४जी चालवलं, ब्रिटनमध्ये ईई नावाच्या कंपनीनं ऑक्टोबर २०१२ मध्ये १८०० वर ४जी सुरू केलं ते असंच, बाकीच्या कंपन्या तोवर ८०० आणि २६०० च्या लिलावाची वाट बघत होत्या. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी आलेल्या आयफोन ५ मध्ये तिथं विकल्या गेलेल्या मॉडेलला १८०० चालायचा पण ८०० आणि २६०० नाही, त्यामुळं २०१३ मध्ये दुसऱ्या कंपन्यांचं ४जी आलं तरी त्या फोनला त्यांच्या या नव्या बँडचा काडीचा उपयोग नव्हता.

२०१२ चाच ऑस्ट्रेलियातला आयपॅडचा किस्सा तर मला फार महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅपलनं आयपॅड ४जी म्हणून विकला, पण त्यातले ४जीचे बँड अमेरिका-कॅनडातले, ७०० आणि २१०० वाले, आणि तिथल्या टेल्स्ट्रा कंपनीचं ४जी होतं १८०० वर. म्हणजे खोक्यावर ४जी आणि देशात ४जी, दोघांची गाठच पडणार नाही. तिथला ग्राहक आयोग कोर्टात गेला आणि जून २०१२ मध्ये अ‍ॅपलला २२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. हा निकाल मला मनापासून पटतो, कारण ४जी किंवा ५जी हे नुसतं तंत्राचं नाव आहे, कुठल्या बँडवर ते सांगितल्याशिवाय त्याला ग्राहकाच्या दृष्टीनं अर्थच राहत नाही.

फोनवाले सगळे बँड सरसकट का देत नाहीत असं पण लोक विचारतात. प्रत्येक बँडला वेगळा फिल्टर लागतो, नुसतं सॉफ्टवेअरनं भागत नाही, शेजारच्या पट्ट्यातला आवाज अडवायचा आणि स्वतःचा अपलोड स्वतःच्याच डाउनलोडमध्ये घुसू द्यायचा नाही हे काम ते बारीकसे फिल्टर करतात, वर अँटेनाला पण जागा लागते आणि फोन आतून खच्चून भरलेला असतो. म्हणून कंपन्या एकाच नावाचे वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे मॉडेल काढतात. नाव तेच, रंग तोच, आतले बँड वेगळे. बाहेरच्या देशातून फोन मागवताना लोक मेमरी बघतात, कॅमेरा बघतात आणि नेमकं हेच बघत नाहीत. माझ्या ओळखीत असे फोन आहेत जे उघड्यावर झकास चालतात आणि घरात शिरले की मान टाकतात, कारण एकच, खालचा बँड त्यात नाही.

५जी आलं तेव्हा एप्रिल २०१९ मध्ये दक्षिण कोरिया आणि अमेरिका दोघांनी एकाच दिवशी पहिला नंबर पटकावायची घाई केली. पण वाटा वेगळ्या होत्या. कोरियानं ३५०० वर सुरुवात केली, अमेरिकेत व्हेरायझननं शिकागो आणि मिनियापोलिसच्या काही भागांत २८ गिगाहर्ट्झवर. २८ वर स्पीड डोळे फिरतील असा, पण कोपरा वळला की गायब, हात मध्ये आला तरी फरक पडतो. कोरियातल्या तिन्ही कंपन्यांना २८ चे परवाने पण दिलेले होते, ठरल्याप्रमाणे टॉवर उभे केले नाहीत म्हणून २०२२ च्या शेवटापासून २०२३ पर्यंत सरकारनं ते तिघांचेही काढून घेतले. इतका उत्साही देश, आणि तिथं सुद्धा हे झालं. मला वाटतं २८ गिगाहर्ट्झ स्टेडियम, स्टेशन, नाहीतर घराला फायबरऐवजी इंटरनेट द्यायला उत्तम आहे, चालत्याफिरत्या माणसाच्या फोनसाठी त्याच्यावर विसंबणं चूक.

मधला ३५०० चा पट्टा चालला त्याचं कारण मॅसिव्ह मायमो. लहर आखूड म्हणजे अँटेना लहान, त्यामुळं एकाच पॅनेलमध्ये शंभर-दोनशे छोट्या अँटेना बसतात आणि त्या मिळून सिग्नल नेमका तुमच्या दिशेनं वळवतात, वरच्या फ्रिक्वेन्सीमुळं जे हरवलं ते बरंचसं इथं भरून निघतं. पण हे टॉवरच्या बाजूचं झालं. तुमचा फोन उलट पाठवतो तेव्हा त्याच्याकडे साधारण २०० मिलीवॅट, टॉवरकडे शेकडो वॅटपर्यंत. म्हणून ३५०० वर आधी मरतं ते अपलोड. डाउनलोड येत असतं, फोटो मात्र जाता जात नाही, व्हिडिओ कॉलवर समोरचा दिसतो आणि तुम्ही त्याला अडकलेले दिसता. याच्यावर उपाय म्हणजे खालचा आणि मधला बँड एकत्र जोडायचे, अपलोड खालच्यावरून आणि डाउनलोडचा मोठा भाग मधल्यावरून. त्याला कॅरियर अ‍ॅग्रिगेशन म्हणतात, ४जीमध्ये हे २०१३ सालीच कोरियात एसके टेलिकॉमनं सुरू केलं होतं, ८०० आणि १८०० जोडून १५० एमबीपीएसपर्यंत. ज्या कंपनीकडे खालचा आणि मधला दोन्ही पट्टे आहेत आणि जी ते नीट जोडते तिचं नेटवर्क चांगलं, हा माझा साधा निकष आहे आणि आजवर तो फारसा चुकलेला नाही.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर अवघड नाही. बऱ्याच सॅमसंग फोनवर स्टार हॅश ००११ हॅश डायल केलं की बँड नंबर आणि सिग्नल दोन्ही दिसतात, आयफोनमध्ये फिल्ड टेस्ट मोड असतो, आणि बाकी अँड्रॉइडवर सेल माहिती दाखवणारी फुकट अ‍ॅप्स आहेत. तिथं आरएसआरपी नावाचा उणे आकडा बघा, म्हणजे फोनला पोचणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ८० च्या आसपास असेल तर झकास, उणे ११० च्या खाली गेला की रडायला सुरुवात. पण तेवढ्यावर थांबू नका, शेजारी एसआयएनआर असतो तो बघा, म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाच्या मानानं तुमचा सिग्नल किती वर आहे ते. दांड्या पूर्ण भरलेल्या आणि एसआयएनआर शून्याच्या जवळ असला तर स्पीड येणार नाहीच. आणि दोन्ही आकडे चांगले असून रात्री ९ ला नेट रडतंय, पहाटे मात्र पळतंय असं असेल तर टॉवरवर गर्दी आहे किंवा टॉवरच्या मागची लाइनच अपुरी आहे, तिथं फोन बदलून काही उपयोग होणार नाही.

मला एवढंच हवंय की कंपन्यांनी कव्हरेजच्या नकाशावर एकाच रंगात ५जी न दाखवता बँड आणि रुंदी दाखवावी, ७०० कुठं आहे, ३५०० कुठं आहे, किती मेगाहर्ट्झचं आहे. ही माहिती त्यांच्याकडे असतेच. आणि फोनच्या खोक्यावर बँडची यादी मोठ्या अक्षरात यावी.

पुढची खेचाखेच तर सुरू पण झालीय. २०२३ च्या शेवटी दुबईत जागतिक रेडिओ परिषद झाली, तिथं ६४२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झचा पट्टा युरोप, आफ्रिका आणि अरब देशांच्या विभागात मोबाइलसाठी वापरता येईल असं ठरलं, आणि अमेरिकेनं मात्र हा पट्टा, त्याच्या खालच्या ५९२५ पासूनच्या भागासकट, २०२० मध्येच वायफायला देऊन टाकलाय. म्हणजे एका देशात जो पट्टा टॉवरचा तोच दुसऱ्या देशात घरातल्या राउटरचा, आणि फोन बनवणाऱ्यांना परत दोन्हीकडची वेगवेगळी मॉडेलं काढावी लागणार.