स्विफ्टसाठी रिम आणि टायर निवडताना

आमची स्विफ्ट २०१८ ची, व्हीएक्सआय मॉडेल. एका खड्ड्यात पुढची पोलादी रिम वाकली. ठोकून सरळ करून घेतली, तरी कडेतून हवा उतरायचीच. टायरही गोटा व्हायला आले होते, खाचेतल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला रबर टेकलं होतं. तेव्हा चारही रिम आणि टायर एकदमच बदलायचे ठरवले आणि पुण्याच्या नाना पेठेत चौकशी सुरू केली.

जाण्याआधी घरी हिशोब केला, त्याचा फार उपयोग झाला. आमचे टायर १६५/८० आर १४. १६५ ही मिमीत रुंदी, १४ हा इंचांत रिमचा व्यास. म्हणजे १६५ चे ८० टक्के, १३२ मिमी, ही टायरच्या भिंतीची उंची. ती दुप्पट करून १४ इंचांत, म्हणजे ३५५.६ मिमीत, मिळवली की चाकाची पूर्ण उंची ६१९.६ मिमी येते. वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते, त्याची येते ६२१.५. फरक दोन मिमीचाही नाही. स्पीडोमीटर बिघडत नाही, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला अडचण नाही आणि जुनी १४ इंची स्टेपनी वेळेला चालते. १८५/६५ आर १५ हे माप तिथेच पक्कं झालं.

दुकानात मात्र सगळ्यांचा ओढा १६ इंचांकडे. "ताई, १९५/५५ टाका, गाडी एकदम भारी दिसेल." दिसते खरी, आणि पूर्ण उंचीही ६२०.९, म्हणजे हिशोबात बसते. पण भिंत उरते १०७ मिमी. १३२ मिमीची भिंत असताना आमची रिम वाकली, मग पावसाळ्यात आंबेनळी घाट उतरताना १०७ वर कशाच्या भरवशावर जायचं? माझं स्पष्ट मत आहे की आपल्या रस्त्यांवर रोजच्या गाडीला रबर जास्त आणि धातू कमी असलेला बरा.

रिमचं पीसीडी ४×१०० हवं, म्हणजे चार नट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर, हे प्रत्येक दुकानदार आपणहून सांगतो. मधल्या भोकाबद्दल मात्र आपणच विचारावं लागतं. रिम ज्यावर बसते त्या मधल्या उंचवट्याचा, स्विफ्टच्या हबचा, व्यास ५४.१ मिमी. मला पोलादीऐवजी अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या, रिम हव्या होत्या. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक त्याहून मोठं असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. मला आवडलेल्या रिमचं ७३.१ होतं. म्हणजे चारी बाजूंनी साडेनऊ मिमी मोकळी जागा. दुकानदार म्हणाला, "नट आवळले की बसतं." मी ही फट भरणाऱ्या हब रिंगशिवाय घ्यायला तयार नव्हते. रिंग नसेल तर रिम मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर पडतं. रिम केसभर जरी सरकून बसली, तरी बॅलन्सिंग करूनही ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. शेवटी त्यानेच आतून ७३.१ ते ५४.१ च्या रिंगा काढून आणल्या. एक हबवर चढवून दाखवली, ती टक्कन बसली, हलवून पाहिली तर जागची हलेना.

रिमच्या मागे ईटी म्हणून आकडा कोरलेला असतो, चाक किती आत-बाहेर बसेल हे त्यावरून कळतं. तो जुन्या रिमच्या आकड्याशी ताडून पाहिला. तो बराच कमी असला तर चाक बाहेर येतं, चिखल दारांवर उडतो आणि बेअरिंगवर ताण पडतो. जास्त असला तर चाक आत जातं आणि सस्पेन्शनला घासू शकतं. म्हणून पैसे देण्याआधी पुढचं एक चाक चढवायला लावलं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहिलं.

नव्या टायरवर मापानंतर ८८ आकडा होता, म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो. जुन्याचा ८५, म्हणजे ५१५. याच्या खाली जायचं नाही. टायरच्या भिंतीवर 'डीओटी' अक्षरांपुढे जो कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडेही वाचावेत, ती टायर बनल्याची तारीख: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मला दाखवलेल्या चारांपैकी दोन टायर बरेच जुने निघाले. ते परत करून एकाच सुमाराचे चार मागवले, त्यासाठी पुन्हा खेप पडली.

बसवताना नट समोरासमोरचे आवळून घेतले, मग अलाइनमेंट. शंभरेक किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासून घेतले, अलॉयला ते लागतंच. बिल विमा कंपनीला पाठवून अलॉयची नोंद पॉलिसीत करून घेतली. बाहेरून बसवलेली रिम नोंदवलेली नसेल तर क्लेमच्या वेळी तिचे पैसे अडू शकतात.