पंधरा टक्क्यांच्या उंबरठ्यावर अडकलेले उमेदवार

आपल्याकडे पक्षाचं तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून येतं. अमेरिकेत ते राज्याराज्यांत मतं मिळवून कमवावं लागतं, आणि त्या शर्यतीचं नाव प्रायमरी. भारतातल्या बातम्यांत मात्र एवढंच दिसतं की अमुक डिबेटमध्ये कोणी कोणाला गप्प केलं. त्यावरून निकाल ओळखायला गेलं की फसायला होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची 2020 ची डेमोक्रॅटिक प्रायमरी याचं उत्तम उदाहरण आहे. माझं मत स्पष्ट आहे: त्या वर्षी बरेच उमेदवार भाषणात कमी आणि डेलिगेटच्या गणितात जास्त हरले.

आधी गणित. मतदार थेट उमेदवार ठरवत नाहीत. त्यांच्या मतांवरून डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, वाटले जातात. 2020 मध्ये असे 3,979 डेलिगेट होते आणि पहिल्याच फेरीत जिंकायला 1,991 हवे होते. डेमोक्रॅटिक पक्षात वाटप मतांच्या प्रमाणात होतं, पण 15 टक्क्यांखाली मतं मिळाली तर हातात भोपळा. ही अट पूर्ण राज्यासाठी वेगळी लागते आणि प्रत्येक काँग्रेशनल डिस्ट्रिक्टसाठी (आपल्या लोकसभेसारखा मतदारसंघ) वेगळी. शिवाय डिस्ट्रिक्टमध्ये डेलिगेट सम आहेत की विषम, यावरही खूप अवलंबून असतं. चार डेलिगेट असतील आणि दोघांतली लढत 60-40 अशी सुटली, तरी वाटणी 2-2 च होते. 3-1 साठी साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. उलट तीन डेलिगेट असतील तर 52-48 लाही 2-1 मिळतात. प्रचाराचा पैसा कुठे ओतायचा, हे यावरून ठरतं.

आता न्यू हॅम्पशायर बघा. उमेदवारांपैकी बर्नी सँडर्स आणि पीट बुटिजेज यांना प्रत्येकी 9 डेलिगेट, एमी क्लोबुचार यांना 6. एलिझाबेथ वॉरन यांची मतं 9 टक्क्यांच्या आसपास, बायडन यांची त्याहून थोडी कमी. दोघांनाही शून्य. साउथ कॅरोलायनात अब्जाधीश टॉम स्टायर यांनी जाहिरातींवर पैशांचा पाऊस पाडला, सुमारे 11 टक्के मतं मिळवली आणि एकही डेलिगेट न घेता त्याच रात्री माघार घेतली.

वॉरन यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. सगळ्यांत जास्त अभ्यास त्यांचा होता. पण आरोग्य विम्याचा खर्च कुठून काढणार, याचा आकडा (दहा वर्षांत 20.5 लाख कोटी डॉलर) त्यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये स्वतःहून टेबलावर ठेवला, आणि पुढचे महिने त्याचीच उत्तरं देण्यात गेले. सँडर्स यांची योजना स्वस्त नव्हती. त्यांनी फक्त इतका बारीक हिशोब मांडला नाही. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा मिळते, हे मला अजूनही पटत नाही. लास व्हेगासच्या डिबेटमध्ये वॉरन यांनी न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांची अक्षरशः सालं काढली, पण त्याचा फायदा त्यांना झाला नाही. स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये त्या तिसऱ्या आल्या.

ब्लूमबर्ग यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. पहिली चार राज्यं सोडून दिली, पन्नास कोटी डॉलरहून जास्त उडवले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ हा प्रशांत महासागरातला चिमुकला प्रदेश.

सँडर्स यांची चूक जास्त शिकण्यासारखी आहे. मैदानात गर्दी राहील, विरोधी मतं फुटत राहतील आणि तीस टक्क्यांवर आपण पुढे राहू, या हिशोबावर त्यांची मोहीम उभी होती. असा हिशोब रिपब्लिकन पक्षात चालतो. 2016 मध्ये त्याच साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं मिळाली आणि 50 पैकी 50 डेलिगेट खिशात पडले. डेमोक्रॅटिक नियमांत अशी झेप मिळत नाही. प्रतिस्पर्धी 15 टक्क्यांवर असला की तोही वाटा घेऊन जातो. वयस्क कृष्णवर्णीय मतदार 2016 मध्येही सँडर्स यांच्याकडे वळले नव्हते, आणि चार वर्षांत त्यांनी त्यावर पुरेसं काम केलं नाही.

बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. वक्ते म्हणून त्या मोसमात ते सगळ्यांत कच्चे होते, हे मान्य करूनही म्हणेन की कुठे पाय रोवून उभं राहायचं ते त्यांना कळलं होतं. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक मतदारांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी 26 फेब्रुवारीला पाठिंबा दिला, 29 ला बायडन यांनी 48 टक्क्यांहून जास्त मतं आणि 54 पैकी 39 डेलिगेट घेतले. 1 मार्चला बुटिजेज बाहेर पडले, 2 मार्चला क्लोबुचार. दोघांनीही लगेच बायडन यांना पाठिंबा दिला. 3 मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं त्या मंगळवारी, 14 राज्यांपैकी 10 बायडन यांची झाली. त्यात मिनेसोटाही होतं, जिथे त्यांचा प्रचार जवळपास नव्हताच.

या तीन दिवसांत सगळ्यांत जास्त पस्तावले ते टपालाने लवकर मत देऊन बसलेले लोक. कॅलिफोर्नियात मतपत्रिका महिनाभर आधी घरी येते. बुटिजेज किंवा क्लोबुचार यांच्या नावावर खूण करून ती पाठवली असेल, तर उमेदवार नंतर बाहेर पडला म्हणून मत बदलता येत नाही. म्हणून फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या, नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मंडळींना सांगणं एवढंच: प्रायमरीत घाई करू नका. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाली शिक्का चालतो. आणि नोंदणी करताना 'कुठलाच पक्ष नाही' असं लिहिलं असेल, तर डेमोक्रॅटिक मतपत्रिका आधी मागून घ्या. नाहीतर टपालाने येणाऱ्या कागदावर राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नसतो. न्यूयॉर्कमध्ये तर तेव्हा नियम आणखी कडक होते. 2016 मध्ये पक्षनोंदणी बदलायची मुदत सहा महिने आधीच संपली होती, आणि ट्रम्प यांच्या इवांका व एरिक या मुलांना वडिलांनाच मत देता आलं नाही.