भिजायला हरकत नाही, गारठायला आहे

परवा सकाळी निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती, अर्ध्या वाटेत धो धो कोसळायला लागला आणि घरी पोचेपर्यंत अंगावर एक धागा कोरडा राहिला नव्हता. आणि खरं सांगू, जाम मजा आली! अशा हवेत सायकल काढतोसच कशाला असं बरेच जण विचारतात. त्यांना काय सांगणार, कारण ते सुख पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या पलीकडे असतं. बाहेर पडताना अंगावर काटा येतो, पहिला थेंब मानेवरून पाठीवर ओघळतो तेव्हा तर परतच फिरावंसं वाटतं, पण पायडल मारता मारता अंगात ऊब भरायला लागते आणि मग पावसाचं काही वाटेनासं होतं. टायरखाली पाण्याचा सर्रर्र आवाज, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि झाडं अशी हिरवीगार की एरवी कधी दिसत नाहीत.

इतकी वर्षं चालवून मला एक गोष्ट पक्की कळलीये ती म्हणजे भिजणं वेगळं आणि गारठणं वेगळं. भिजल्यानं काही होत नाही, गारठलं की मात्र सगळं बिघडतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे ओला कॉटनचा टीशर्ट अंगाला चिकटून बसला की संपलं, तो वाळतही नाही आणि ऊबही देत नाही. मी थंडीत आत पातळ मेरिनो लोकरीचा घालतो, लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते.

रेनकोटवर मी पूर्वी फार विश्वास ठेवायचो. साधा प्लॅस्टिकचा घातला की बाहेरून पाऊस आणि आतून घाम, भिजायचं ते भिजतोच. मग ते गोअर-टेक्ससारखं कापड आलं. १९६९ साली बॉब गोअर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून पाहिलं आणि त्यात इतकी बारीक छिद्रं तयार झाली की पाण्याचा थेंब आत शिरत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना अफाट आहे, मला मनापासून आवडते. पण चढावर जोर लावताना घाम इतका येतो की कुठलंच कापड पुरं पडत नाही, आणि जॅकेटचा वरचा थर पाणी पिऊन जड झाला की वाफ आतच कोंडते. म्हणून मी चढ लागला की जॅकेटची चेन सरळ खाली ओढतो, थोडा भिजतो, आणि माथ्यावर थांबून परत गळ्यापर्यंत बंद करतो. हे थांबणं आळस करून टाळू नका, कारण उतारावर वारा कापतो. हवेत ५ अंश असेल आणि तुम्ही ताशी २५ किलोमीटरनं जात असाल तर उघड्या कातडीला ते जवळजवळ शून्यासारखं लागतं, आणि उतारावर तर वेग याच्याही वर जातो.

सगळ्यात आधी बोटं जातात. ब्रेक किती दाबलाय तेच कळत नाही, आणि नेमकं पावसात ब्रेक जास्त लागतो. रिमवर लागणारे ब्रेक असतील तर चाकाचा पहिला एखादा फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, पकड नंतर येते, म्हणून मी वळणाच्या बऱ्याच आधी हलकेच ब्रेक लावून रिम पुसून घेतो. डिस्क ब्रेकला हा त्रास खूप कमी. म्हणून सांगतो, जॅकेट साधं असलं तरी चालेल, हातमोजे मात्र चांगले घ्या.

आणि हो, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओला पाला, यांच्यावर ना ब्रेक ना वळण, सरळ निघून जायचं. टायरला नक्षी नाही म्हणून सायकल पाण्यावर तरंगून घसरेल असं काहींना वाटतं पण तसं होत नाही, सायकलचा टायर अरुंद असतो आणि आत हवा टाइट असते, तेवढा आपला वेगच नसतो.

पंक्चर मात्र पावसाळ्यात जास्त होतात, कारण काचेचा कण ओल्या रबरात सहज घुसतो. एकदा रिमझिम पावसात पॅच लावत बसलो होतो. ट्यूब पुसली, सोल्यूशन लावलं, तेवढ्यात भुवईवरचा थेंब त्यावर पडला आणि पॅच सुटला. परत पुसलं, परत तेच. चालवताना घामाघूम होतो तोच मी, दहा मिनिटांत दात वाजायला लागले आणि पंपाचं नोझलसुद्धा हातात धरवेना. तेव्हापासून पॅचच्या भरवशावर निघत नाही, नवी ट्यूब आणि पिशवीत बांधलेला एक कोरडा टीशर्ट कायम बरोबर असतो.

म्हणूनच माझ्या मते सगळ्यात वाईट हवा बर्फाची नाही, तर दोन-तीन अंश आणि वर पाऊस ही. फिनलंडमधल्या ओउलूला लोक भर हिवाळ्यात बर्फावरून रोज सायकलनं जातात, २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद तिथेच भरली होती. तिथली थंडी भयंकर, पण कोरडी थंडी कपड्यांनी अडवता येते, आणि निसरड्या बर्फासाठी खिळ्यांचे टायर मिळतात. ओल्या थंडीला असा सोपा उपाय नाही.

थंडीतलं धुकं मात्र माझं लाडकं. पुढचं काही दिसत नाही, लाइट पुढे-मागे दोन्ही लावायचे, आणि हळूहळू बाहीच्या लवेवर, पापण्यांवर बारीक बारीक थेंब जमायला लागतात. अशा वेळी आपल्याच चेनचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो.

परवा घरी आल्यावर आधी तीच पुसली. पावसाचं पाणी आणि माती मिळून चेन अक्षरशः घासून काढते, म्हणून कितीही दमलो तरी फडक्यानं पुसून, वाळवून, तेलाचा एकेक थेंब सोडतोच. बोटांत तोवर मुंग्या यायला लागल्या होत्या, ऊब परत येताना येतात तशा. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेवलंय, रात्रीतून दोनदा बदललं की सकाळपर्यंत घालण्यासारखे होतात.