सायनाइडवरचा उतारा, आणि धुरात सापडलेला रुग्ण

सायनाइडच्या विषबाधेत रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही. मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या, सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइममधल्या फेरिक (तीन धनभारांच्या) लोहावर सायनाइड ठाण मांडून बसतं आणि पेशींचं श्वसन जागच्या जागी थांबतं. शिरेतून काढलेलं रक्त म्हणूनच धमनीतल्या रक्तासारखं लालभडक दिसू शकतं. ऑक्सिजन न वापरता ऊर्जा काढताना पेशी जे सोडतात ते लॅक्टेटही रक्तात झपाट्याने चढतं. आगीतून काढलेला रुग्ण बेशुद्ध आहे, नाकातोंडात काजळी आहे, रक्तदाब खाली आहे आणि लॅक्टेट लिटरमागे 10 मिलिमोलच्या वर आहे, तर सायनाइड धरूनच चालावं. फोमच्या गाद्या, नायलॉन, लोकर जळताना सायनाइडचाच वायू निघतो. रक्तातल्या सायनाइडच्या अहवालासाठी थांबलात, तर तो हाती येईपर्यंत वेळ गेलेली असते.

1933 पासून चालत आलेली जोडी म्हणजे सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट. नायट्राइटमुळे काही हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, जे ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. त्यातलं लोहही फेरिक असल्यामुळे सायनाइड तिकडे ओढलं जातं. मोठ्या माणसाला 3 टक्क्यांचं 10 मिली, म्हणजे 300 मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश द्यायचं. घाई केली की रक्तदाब कोसळतो. पाठोपाठ 25 टक्के थायोसल्फेटचं 50 मिली, म्हणजे 12.5 ग्रॅम. त्यातलं गंधक घेऊन ऱ्होडानेज हे एन्झाइम सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं.

धुरातल्या रुग्णाला मात्र नायट्राइट अंगाशी येतं. कार्बन मोनॉक्साइडने आधीच बरंच हिमोग्लोबिन अडवलेलं असतं, त्यात मेथहिमोग्लोबिनची भर पडली की ऑक्सिजन वाहून न्यायला उरतं काय? अशा वेळी हायड्रॉक्सोकोबालामिनच हवं. त्यातला कोबाल्ट सायनाइडला धरतो आणि सायनोकोबालामिन, म्हणजे बी-12 चाच एक प्रकार, तयार होतो. मोठ्यांना 5 ग्रॅम, मुलांना किलोमागे 70 मिलिग्रॅम, 15 मिनिटांत. 5 ग्रॅमच्या कुपीत 200 मिली सलाइन घालून ती निदान मिनिटभर हलकेच उलटीसुलटी करायची. जोरात हलवली की फेस येतो. गरज पडली तर आणखी 5 ग्रॅम देता येतं. थायोसल्फेटही द्यायचं असेल तर त्याची लाइन वेगळी हवी.

दुकानात मिळणारी बी-12 ची इंजेक्शनं इथे कामाची नाहीत, हे ठासून सांगायला हवं. सायनोकोबालामिनमध्ये सायनाइड आधीच बसलेलं असतं. हायड्रॉक्सोकोबालामिनची 1 मिलिग्रॅमची ॲम्प्यूल मिळाली तरी 5 ग्रॅमसाठी तशा 5000 फोडाव्या लागतील! सोन्याचं पाणी चढवणारे आणि प्लेटिंगचे, म्हणजे सायनाइड वापरणारे, कारखाने ज्या भागात आहेत, तिथल्या मोठ्या रुग्णालयांनी आपल्याकडे नेमका कोणता उतारा आहे, हे आधीच तपासून ठेवावं.

तपासणीचं रक्त औषध देण्याआधीच काढून ठेवा. हायड्रॉक्सोकोबालामिन गडद लाल असतं. त्याने कातडी आणि लघवी लाल होते, क्रिएटिनिन आणि बिलिरुबिनचे आकडे चुकतात, पल्स ऑक्सिमीटरही फसतो. डायलिसिसचं मशीन तर रक्तगळती समजून बंदच पडू शकतं.

उतारा हाती येईपर्यंत 100 टक्के ऑक्सिजन चालू ठेवा. माखलेले कपडे काढा, अंग पाण्याने धुवा. तोंडाने श्वास देऊ नका, बॅग-मास्क वापरा.