कुरडईची वेणीफणी

काल दुपारी कुरडईच्या उजव्या कानामागे सुपारीएवढी गाठ हाताला लागली. केसांचीच होती, पण मी चरकले. परवाच तिला नखशिखांत विंचरून काढलं होतं आणि सासूबाईंना तसं छातीठोकपणे सांगितलंही होतं.

कुरडई म्हणजे आमची पूडल. लेकीच्या डोक्यात ‘बेला’ वगैरे चाललं होतं. पण ती पिल्लाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली, नेमक्या त्याच वेळी सासूबाई तळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे पाहिलं, आणि बारसं उरकलं. पुढे वर्षभरात लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली. कुत्रं कोणी आणलं याला काही अर्थ नसतो. भर दुपारी घरात जो असतो, त्याचं ते होतं.

आणताना लेकीनं एकच गोष्ट ठासून सांगितली होती. ‘आई, हिचे केस गळत नाहीत!’ ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जेवढे कुरळे कुत्रे आहेत, ते सगळे याच वाक्यावर घरात शिरलेले आहेत. केस गळतात हो, चांगले गळतात. फक्त ते खाली फरशीवर पडत नाहीत. सुटलेला केस शेजारच्या कुरळ्यात अडकतो, त्यात तिसरा अडकतो, आणि फरशी लखलखीत राहून कुत्र्याच्या अंगावर घोंगडं तयार होतं. पहिल्या वर्षात पिल्लाची मऊ लव जाऊन मोठेपणीचे केस येतात तेव्हा तर जुने आणि नवे एकमेकांच्या गळ्यात गळे घालतात. आमच्याकडे हा सोहळा नेमका आषाढात आला. येऊरच्या डोंगरावर ढग टेकले की आमच्याकडे बरणीतलं मीठ ओलं होतं, मोजे चार चार दिवस वाळत नाहीत. त्यात उपवनला फिरायला नेलं, ती चिखलात लोळली, म्हणून घरी आणून गुंत्यासकट आंघोळ घातली. ही माझी घोडचूक. गुंता आधी सोडवायचा आणि मगच पाणी लावायचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भिजलेला गुंता वाळताना आवळत जातो. दोन दिवसांनी तिच्या अंगाला हात लावला, तर पायपुसण्याला लावल्यासारखं वाटलं.

मग पार्लर. तिथल्या मुलानं पाठीत कंगवा घालून पाहिला, तो आत जाईना. ‘मॅडम, झीरो मारावा लागेल.’ दीड तासानं बाहेर आली ती कुरडई नव्हतीच. गुलाबी अंग, बटाट्याएवढं डोकं, आणि त्या मुलाच्या मनात काय आलं कोण जाणे, शेपटीच्या टोकाला तेवढा एक गोंडा ठेवलेला. दार उघडल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘अगंबाई, मुंज केलीत हिची? आणि शेंडी भलत्याच टोकाला?’ कुरडई दिवाणाखाली गेली ती रात्री पोळीच्या वासानं बाहेर आली. तिच्याकडे बघवेना. त्या रात्री मी ठरवलं, आता हे काम घरी.

त्यानंतर माझी ब्रशखरेदी सुरू झाली. तिच्याबद्दल नवऱ्यापुढे मी अजून खरा आकडा कबूल केलेला नाही. आधी जांभळी नाक्यावरून माणसांचाच एक जाड दातांचा कंगवा आणला, त्याचे तीन दात कुरडईत राहिले. मग रबरी हातमोजा. तो आखूड केसांच्या कुत्र्यांसाठी असतो. हिला त्यानं मालिश झालं, ती झोपली. मग ब्लेडसारखे दात असलेलं एक महागडं हत्यार आणलं. ते लॅब्रेडॉरसारख्या कुत्र्यांच्या आतल्या लोकरीसाठी. पूडलला तशी आतली लोकर नसतेच, त्यामुळे ते हिचे चांगले केस तोडायला लागलं. ते आता माळ्यावर आहे.

शेवटी दोनच वस्तू कामाच्या ठरल्या. एक स्लिकर, म्हणजे रबराच्या गादीवर बसवलेल्या, टोकाशी किंचित वाकलेल्या बारीक तारांचा चौकोनी ब्रश. विकत घेताना तो आधी आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघावा. लाल ओरखडे उठले तर ब्रश तरी वाईट, नाहीतर आपला हात तरी जड. माझा हात जड निघाला. दुसरी वस्तू म्हणजे स्टीलचा कंगवा. अर्धे दात विरळ, अर्धे दाट. स्लिकर भारी लबाड असतो. तो वरवरचे केस असे फुलवून ठेवतो की कुत्रं कापसाचा बोळा दिसतं, आणि खाली कातडीलगत गुंता तसाच्या तसा. कंगवा तिथवर नेला, की अडला तर अडलाच. परवा मी कंगवा टाळला होता. मालिका सुरू व्हायची होती.

विंचरायचंही एक तंत्र आहे. ते मी मोबाइलवर बघून शिकले. हातमोजे घातलेली एक गोरी मुलगी आधी केसांत भांग पाडते, भांगाच्या वरचे केस डाव्या हातानं दाबून धरते, खालची एक ओळ विंचरते, मग बोटभर वर नवा भांग. गाठ आली की मुळाशी मुठीत घट्ट धरायचं, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. आणि सुरुवात टोकापासून, मुळाकडून कधीच नाही. हे तिनं असं सांगितलं की जणू तिनंच शोधून काढलं.

माझी आजी हे १९८१ साली नौपाड्यातल्या चाळीत रोज करत होती.

माझे केस कुरळे. घरात बाकी सगळ्यांचे सरळ, आज्ञाधारक. रेडिओवरचं वनिता मंडळ संपलं की आजी गॅलरीत पाय पसरून बसायची आणि मला पुढ्यात ओढून दोन गुडघ्यांत पकडायची. ती पकड अशी की आजही न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलं मूल पाहिलं की माझ्या बरगड्या आवळतात. शेजारी उन्हात ठेवलेली खोबरेलाची वाटी. थंडीत त्याची मधोमध पांढरी चकती तरंगत असायची, ती आजी बोटानं हळूच बुडवायची. लाकडी फणी, दोन्ही बाजूंना दात. उजव्या हातात फणी, आणि डावा हात माझ्या केसांच्या मुळाशी मूठ करून. त्या मुठीला खोबरेलाचा आणि थोडा कांद्याचा वास. मी ओरडायचे ते बहुतेक सवयीनं. मूठ घट्ट असली की लागत नसेच.

‘कुरळ्या केसांची माणसं हट्टी,’ हे आजीचं ठरलेलं वाक्य. अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी ८० जातींचे हजाराहून जास्त कुत्रे तपासून २००९ मध्ये सांगितलं, की कुत्र्यांच्या केसांची बहुतेक सगळी विविधता अवघ्या तीन जनुकांवरून ठरते. त्यातलं एक कुरळेपणाचं, केसातल्या केराटिनचं. हट्टाचं सापडलं नाही. ते नौपाड्यात आले असते तर सापडलं असतं.

विंचरून झालं की फणीतले केस निघायचे. ते बोटाभोवती गुंडाळून त्यावर थू करायचं आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकायचे. डबा भरला की ‘केसांवर भांडीय्ये’ अशी हाळी येण्याची वाट बघायची. वर्षभराच्या माझ्या छळाची किंमत म्हणून एकदा एक स्टीलची वाटी आली होती, ती मला लाभली नाही, धाकट्या भावाच्या दुधाला गेली. मी अजूनही कुरडईचे केस ब्रशमधून काढले की बोटाभोवती गुंडाळते आणि थू करते. नवऱ्यानं एकदा विचारलं, ‘कुत्र्याला कोणाची नजर लागणार?’ मी म्हटलं, ‘लागली तर?’ एकदा ते केस चिमण्यांना घरट्यासाठी गॅलरीत ठेवायचं मनात आलं होतं. पण पिसवांचं औषध तिच्या मानेवर टाकतो, ते पिल्लांच्या अंगाला लागायचं, म्हणून राहिलं.

पूडल ही मुळात पाण्यात शिरून शिकारीतली बदकं आणणारी जात. जर्मन भाषेतलं तिचं नावसुद्धा पाण्यात डुबुक डुबुक करण्यावरून आलेलं. ती प्रदर्शनात दिसते ना, कुल्ले भादरलेले आणि छातीवर-सांध्यांवर गोंडे, ती फॅशन नव्हती. पोहताना ओझं नको आणि छाती-सांधे गारठायला नकोत, यासाठी तो कट. आमची कुरडई तलावपाळीच्या कठड्यापाशी गेली की पाण्याकडे पाठ करून भेळवाल्याकडे बघत बसते.

तर ती सुपारी.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारला, वाकून कानामागे बघितलं आणि म्हणाल्या, ‘जट झालीय गं.’

इतकी वर्षं मी गाठ म्हणत होते, गुंता म्हणत होते, मोबाइलवर शिकलेला इंग्रजी शब्दही वापरत होते. जट हा शब्द मी तिच्यासाठी कधी वापरला नव्हता. आणि एकदम नौपाड्याची ती गॅलरी आली, दुपारचं ऊन आलं आणि जिन्याखाली ‘उदो’ असा आवाज आला.

दर मंगळवारी एक बाई यायची. हातात परडी, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. डोक्यावर पदर, आणि पदराखाली काहीतरी मोठं, वेटोळं घातलेलं. एकदा जिना चढताना पदर सरकला. दोरखंडासारखी जाड जट होती ती, हळदीनं पिवळी झालेली, खालच्या टोकाशी दगडासारखी टणक. तिनं ती एका हातानं सावरून पुन्हा डोक्यावर ठेवली. कशी, तर पाण्याची कळशी ठेवावी तशी. वय काय असेल तिचं? तेव्हा मला सगळ्याच बायका म्हाताऱ्या वाटायच्या. आता हिशेब करते तर तिशीचीही नसेल.

आजीनं तांदूळ घातले, नमस्कार केला आणि परत येऊन मला गुडघ्यांत धरलं. मी विचारलं, ‘तिला कोणी फणी नाही का करत?’

‘देवीचं आहे ते. हात लावत नाहीत.’

‘लहानपणी पण नाही केली?’

आजी काही बोलली नाही. वेणी घातली, लाल रिबिनीचं फूल बांधलं. मी उठायला लागले तर तिनं मला परत खाली बसवलं, रिबीन सोडली, सगळी वेणी उकलली आणि टोकापासून पुन्हा विंचरायला सुरुवात केली.

जट म्हणजे काय, ते पुढे वाचून कळलं. तेल, धूळ, घाम, न धुतलेले केस, आणि एकदा गाठ बसली की ती कापली तर कोप होईल ही धास्ती. अशा कितीतरी पोरी त्या गाठीपायीच सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिल्या गेल्या. १९८९ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या आजही गावोगावी जाऊन बायकांच्या जटा सोडवतात. कापायचं काम घटकेचं, त्याआधीचं बोलणं मात्र महिनोन्‌महिने चालतं. त्या बायकांच्या हकिकतींत मान दुखण्याचं असतं, उवांचं असतं, आणि एका कुशीवर झोपता न येण्याचं असतं. ते झोपण्याचं वाचलं तेव्हा मी पेपर मिटून ठेवला होता.

‘जे काय करायचं ते दिवे लागायच्या आत कर,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत.’

‘आई, कुत्र्याला कसली आलीय लक्ष्मी?’

‘कुत्र्याला नसेल. घर एकच आहे ना?’

मी कुरडईला गॅलरीत घेऊन बसले, दोन गुडघ्यांत. स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लोअर आणलं. कोरड्या गाठीत ते चोळलं की केस जरा निसरडे होतात. सासूबाईंनी डब्याकडे बघून एकदा ‘मंचुरियनचं’ एवढंच म्हटलं. स्टीलचा कंगवा गाठ आणि कातडी यांच्यामध्ये सरकवला. तो मध्ये असलाच पाहिजे, गाठीसोबत कातडी वर ओढली जाते आणि कात्रीला त्यातला फरक कळत नाही. कंगव्याच्या वरून, कातडीपासून बाहेरच्या दिशेनं, गाठीचे उभे दोन भाग केले. मग डाव्या हाताची मूठ. टोकापासून. अर्धी सुटली, अर्धी शेवटी कापावी लागली. तळहातावर आली ती खरंच घोंगडीचा तुकडा असावा तशी. तिच्या आत गवताचं एक कुसळ होतं.

आजी तेव्हा मंगळवारच्या मंगळवारी तांदूळच का घालत राहिली, हे मला तिला विचारता आलं नाही.

कुरडई गुडघ्यांतून सुटली, दोन पावलं गेली आणि खाली बसली. मान वाकडी केली, मागचा पाय वर घेतला आणि त्या मोकळ्या जागी, कानामागे, खाजवायला लागली. डोळे मिटून. जीभ किंचित बाहेर. थांबेचना. सासूबाईंनी हॉलमध्ये दिवा लावला, हात जोडले, मागे वळून पाहिलं, तरी ती खाजवतच होती.