ऑडिओ सीडीवर ३२ रेघांचं चित्र: काम कुठवर आलं

डाव्या चॅनलवर चित्र, उजव्यावर आवाज अशी सीडी आता साध्या प्लेअरवर चालते आणि निपकोव्ह तबकडीत (सर्पिल भोकांची फिरती चकती, तिच्यातून चित्र रेघारेघांनी दिसतं) चेहरा ओळखू येतो. मानक एनबीटीव्हीचंच (नॅरो बँडविड्थ टीव्ही, म्हणजे हौशी मंडळींचा कमी रेघांचा टीव्ही) ठेवलंय: ३२ उभ्या रेघा, सेकंदाला १२.५ चित्रं, म्हणजे ४०० रेघा. सीडीच्या सेकंदाला ४४,१०० नमुन्यांतून प्रत्येक रेघेच्या वाट्याला ११० येतात, तेवढे भरपूर झाले. कॅसेटचा वेग डगमगला की चित्र वळवळतं. सीडीचा वेग क्रिस्टलवर बांधलेला, त्यामुळे तो त्रास नाही.

छळतात त्या खालच्या फ्रिक्वेन्सी. प्लेअरच्या पुढच्या पायरीत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रोध असले तर १६० हर्ट्झखालचं सगळं उतरतं आणि पांढऱ्या भागामागे काळी सावली ओढली जाते. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केला की ती मर्यादा १.६ हर्ट्झवर जाते. तरी सरासरी उजेड परत येत नाही, कारण डीसी (सिग्नलची स्थिर पातळी) सीडीतून बाहेर येतच नाही. त्यासाठी दर रेघेच्या सिंक पल्सवर (रेघ कुठे सुरू होते ते सांगणारी खूण) क्लॅम्प, म्हणजे काळ्याची पातळी दर वेळी जागेवर आणणारं सर्किट, हवाच. काही प्लेअर सिग्नल उलटा देतात. चित्र निगेटिव्ह होतं, सिंकही सुटतो. इन्व्हर्टर आणि एक स्विच आधीच बसवून ठेवा.

फाइल १६ बिट स्टिरिओ वेव्हच ठेवायची. एमपीथ्रीतून गेलेला सिंक गोलावतो. बेस बूस्ट, इक्वलायझर बंद. ट्रॅकमधली दोन सेकंदांची पोकळी काढून बर्न करा, नाहीतर दर ट्रॅकला सिंक तुटतो.

तबकडीसाठी पुठ्ठा नको. गोव्याच्या पावसाळ्यात तो पापडासारखा वाकतो. अर्ध्या मिलीमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा घेतला. पहिलं भोक केंद्रापासून १३८.२ मिमी, शेवटचं १२१.८, दोन भोकांत ११.२५ अंश, आणि प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा ०.५३ मिमी आत. ड्रिल ०.६ चं, म्हणजे रेघांमध्ये काळी फट राहत नाही. भोकाच्या कडेला बर (धातूची कुसळं) राहिली तर ती रेघ अंधुक दिसते. दोन्ही बाजूंनी बारीक पॉलिश पेपर फिरवा.

चाचणीला नरकासुराचा मुखवटा उत्तम: मोठे डोळे, दात, ठळक उजेड-अंधार. शिगमोची मिरवणूक मात्र नुसता चिखल दिसते. घुमट वाजवणाऱ्याचे हात जवळून घेतले तर जमतं.

मोटर सध्या हाताने मिनिटाला ७५० फेऱ्यांवर आणावी लागते आणि चित्र हळूहळू वर-खाली सरकतं. पुढचं काम ४०४६ चं (फेज-लॉक लूपची चिप): तबकडीच्या कडेच्या ३२ खाचांवरचे ४०० हर्ट्झ आणि सीडीतला सिंक यांची फेज जुळवायची.