जुन्या लॅटिट्यूडमध्ये क्वाड-कोर : सॉकेट, बायोस आणि परभणीचा उन्हाळा

डेलचा लॅटिट्यूड ई६४३० हा २०१२ च्या सुमाराचा लॅपटॉप. माझ्याकडच्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५-३३२०एम प्रोसेसर होता : दोन कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ३ एमबी कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी), ३५ वॉट (चिपच्या उष्णतेचा अंदाज). एसएसडी आणि वाढीव रॅम आधीच बसवलेली होती. हे दोन्ही ज्यांचं झालं नसेल त्यांनी प्रोसेसरचा विषयच काढू नये. हार्डडिस्कवर रांगणाऱ्या लॅपटॉपला क्वाड-कोर, म्हणजे चार कोरची चिप, लावली तरी तो रांगतच राहतो. माझं काम व्हिडिओ एक्सपोर्ट आणि व्हर्च्युअल मशीनचं (एका संगणकात दुसरा चालवण्याचं). टास्क मॅनेजरमध्ये चारही थ्रेड शंभर टक्क्यांना टेकलेले दिसायचे, म्हणून प्रोसेसर बदलायला घेतला.

प्रोसेसरची चिप बोर्डातून निघते की नाही हे लॅपटॉप न उघडताच कळतं. सीपीयू-झेड हे मोफत तपासणी-सॉफ्टवेअर चालवलं की ‘पॅकेज’च्या ओळीत ‘सॉकेट ९८८बी आरपीजीए’ असं दिसतं. तसं दिसलं तर चिप सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत आहे. तिथे ‘बीजीए’ दिसलं तर ती बोर्डाला सोल्डर केलेली आहे, विषय संपला. नावाच्या शेवटी ‘यू’ असलेल्या सगळ्या चिप सोल्डरच्या. चौथ्या पिढीत ‘एमक्यू’ निघते, ‘एचक्यू’ निघत नाही. पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपचं सॉकेटच बंद केलं. आणखी एक फसगत : पहिल्या पिढीचं जी१ आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं जी२, दोन्हींच्या नावात ९८८ आहे, पण पिनांची रचना वेगळी. नुसता आकडा बघून चिप मागवू नये.

दुसरी तपासणी चिपसेटची, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या बोर्डाशी जोडणाऱ्या चिपची. ई६४३० मध्ये क्यूएम७७ आहे, त्याची काही अडचण नाही. पण त्याच काळातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये एचएम७० असायचा, आणि तो फक्त सेलेरॉन-पेंटियम या स्वस्त चिपसाठी. त्यात आय३ किंवा आय५ बसवली तर विंडोज उघडतं, सगळं छान चालतं आणि साधारण अर्ध्या तासाने लॅपटॉप आपोआप बंद पडतो. लोक बॅटरी बदलतात, पेस्ट (चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप) बदलतात, अडाप्टर बदलतात. दोष त्यातल्या कशाचाच नसतो, चिपसेटमध्येच ती आडकाठी आहे. सीपीयू-झेडच्या ‘मेनबोर्ड’ टॅबमध्ये चिपसेटचं नाव असतं, ते वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नये.

आता बायोस, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सर्वांत आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम. ‘बायोस सपोर्ट करतो का’ या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे बायोसमध्ये त्या चिपचा मायक्रोकोड आहे का. लॅपटॉप सुरू होताच बायोस प्रोसेसरमध्ये जी दुरुस्तीची छोटी फाइल भरतो, तो मायक्रोकोड. कोणती भरायची हे सीपीयूआयडीवरून, म्हणजे चिपच्या ओळखक्रमांकावरून ठरतं. तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉप चिपचा सीपीयूआयडी ३०६ए९, मग ती दोन कोरची असो की चार. दुसऱ्या पिढीचा २०६ए७. म्हणून एकाच पिढीत दोनवरून चार कोरवर जाताना मायक्रोकोड सहसा आड येत नाही. पिढी बदलताना मात्र येतो. ६-सिरीज (दुसऱ्या पिढीसोबत आलेल्या) चिपसेटच्या बोर्डात तिसऱ्या पिढीची चिप बसते, पिनाही जुळतात. पण बायोसमध्ये ३०६ए९ नसेल आणि मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचं) फर्मवेअर ७ चंच असेल, ८ चं नसेल, तर स्क्रीन काळी ती काळीच. उलट दिशेने, म्हणजे ७-सिरीजवर (तिसऱ्या पिढीसोबतच्या चिपसेटवर) दुसऱ्या पिढीची चिप, हे चालू शकतं. पण त्यात मिळवायचं काय?

दुसरा प्रश्न कंपनीने तो बोर्ड कोणत्या चिपसोबत विकला हा. याचं उत्तर त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आणि स्पेसिफिकेशनमध्ये असतं. एचपीच्या सर्व्हिस गाइडमध्ये आणि लेनोव्होच्या हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये प्रोसेसरचे पार्ट नंबरही दिलेले असतात. ई६४३० हा ३७२०क्यूएम या ४५ वॉटच्या क्वाड-कोरसह विकला गेलेला आहे. म्हणजे बोर्डाला चार कोर नवे नाहीत, आणि बायोसमध्ये ३०६ए९ असणारच. ज्यांच्या मॉडेलच्या यादीत क्वाड-कोर नाहीच, त्यांनी बायोसची फाइल उतरवून एमसी एक्स्ट्रॅक्टर या मायक्रोकोड शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडावी. आत कोणकोणते सीपीयूआयडी आहेत ते लगेच दिसतं.

यादीत ४५ वॉटची चिप असूनही मी ती घेतली नाही. माझ्या लॅपटॉपचा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) ३५ वॉटच्या चिपसाठी दिलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मॉडेलचा. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या वर जातो; पत्र्याच्या खोलीत पंखा ओढून घेतो ती हवाच तापलेली असते. आय७-३६३२क्यूएम मध्ये चार कोर, आठ थ्रेड, ६ एमबी कॅश आहे आणि वॉट ३५ च. मराठवाड्यात हीच चिप घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ४५ वॉटच्या ३७४०क्यूएमचा ३.७ गिगाहर्ट्झचा टर्बो (थोड्या वेळापुरता वाढणारा वेग) कागदावर देखणा दिसतो, पण इथल्या उन्हाळ्यात तो टिकायला हीटसिंकही बदलावा लागेल.

चिप सेकंडहँडच मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस किंवा ऑनलाइन. पैसे देण्याआधी दोन फोटो मागवावेत. वरच्या बाजूचा, ज्यात ‘एसआर’ने सुरू होणारा कोड वाचता येईल, तो इंटेलच्या माहितीशी ताडून पाहायचा. चिपवर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असेल किंवा कोड ‘क्यू’ने सुरू होत असेल तर ती चाचणीसाठीची चिप आहे, सोडून द्यावी. दुसरा फोटो खालच्या बाजूचा, पिनांच्या रांगा सरळ दिसतील असा. ३६१२क्यूएम घेणार असाल तर आणखी जपून, कारण ती पिनांची आणि सोल्डरची अशा दोन्ही रूपांत निघाली होती.

जुनी चिप आत असतानाच बायोस शेवटच्या आवृत्तीवर न्यायचा, हा क्रम उलटा करू नये. सध्याची आवृत्ती विंडोजच्या ‘एमएसइन्फो३२’मध्ये दिसते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी तो थांबवावा, नाहीतर पुढच्या वेळी रिकव्हरी की मागतो. डेलचा अपडेट अडाप्टर जोडलेला नसेल किंवा बॅटरी १० टक्क्यांखाली असेल तर सुरूच होत नाही. ही अट टाळायच्या युक्त्या आहेत, पण लाइट कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात त्या वापरू नयेत. बॅटरी मेलेली असेल तर कुणाची तरी मागून आणावी.

उघडणं त्या मानाने सोपं. बॅटरी काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, मग खालचं झाकण. हीटसिंकच्या स्क्रूशेजारी आकडे असतात. कसताना त्या क्रमाने, सोडवताना उलट क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा. लॅपटॉपच्या चिपला वर धातूची टोपी नसते, उघडी सिलिकॉन असते, त्यामुळे एकाच बाजूने दाब पडला तर कोपरा उडतो. सॉकेटच्या कडेला चपट्या तोंडाचा स्क्रू आणि कुलपाची खूण आहे. अर्धा फेरा फिरवला की चिप सैल होते. नवी चिप कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसती ठेवायची. ती आपल्या वजनाने बसली पाहिजे. दाबावी लागत असेल तर पिन वाकलेली आहे किंवा कुलूप उघडलेलं नाही.

हीटसिंक हातात आलाच आहे तर पंखा आणि जाळी यांच्यामधला थर काढा. आपल्या कापसाच्या पट्ट्यात तिथे धूळ आणि रुई मिळून नमदाच बनतो, आणि बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. नवी तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण सिलिकॉनवर पातळ पसरायची. उघड्या सिलिकॉनचा एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथलाच कोर तापतो.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला तर घाबरू नये. एफ२ दाबून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये प्रोसेसर आयडी ३०६ए९ आणि कोर चार दिसले पाहिजेत. कोर कमी दिसले तर ‘परफॉर्मन्स’खाली ‘मल्टी कोर सपोर्ट’ बघा. तिथलं सेटिंग आधी कुणी बदललेलं असलं तर ते तसंच राहिलेलं असतं.

चिप १.२ गिगाहर्ट्झवर अडकून वर येतच नसेल, तर प्रोसेसरला दोष देण्याआधी अडाप्टर बघावा. डेलच्या जॅकमध्ये मधोमध बारीक पिन असते, लॅपटॉप तिच्यावरून अडाप्टर ओळखतो. ती तुटलेली असेल किंवा अडाप्टर नकली असेल तर वेग मुद्दाम खाली ठेवला जातो आणि बॅटरीही चार्ज होत नाही. मी ६५ ऐवजी ९० वॉटचा अडाप्टर लावला.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवून किमान तासभर पूर्ण भार द्यावा. या चिपची मर्यादा १०५ अंश, पण दुपारच्या उकाड्यातही पारा नव्वदीच्या आत राहिला पाहिजे. त्यावर गेला तर पेस्ट किंवा स्क्रूचा दाब पुन्हा बघावा.

व्हिडिओ एक्सपोर्टला लागणारा वेळ डोळ्यांत भरेल इतका कमी झाला. ब्राउझर आणि ऑफिसमध्ये फरक शोधावा लागतो, कारण एका कोरचा टर्बो आधी ३.३ होता, आता ३.२ आहे. आणि विंडोज ११ च्या आशेने कुणी हे करत असेल तर थांबावं : तिसऱ्या पिढीतली कोणतीच चिप त्याच्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे चिप बदलल्यावर काहीच नव्याने बसवावं लागलं नाही.